दाटीतला तोटा

माझ्या धाकट्या बंधूंचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे वडिलोपार्जित दुकान आहे. त्यांचा नातू गादीवर न बसता भौतिकशास्त्राकडे वळला, ही खंत त्यांच्या मनात आहे. परवा सारे एकत्र जमलो असता त्यांनी विचारले, “तू तिथे करतोस तरी काय?” तो म्हणाला, “आजोबा, मीही तांब्याचेच काम करतो. फक्त माझी तार केसाच्या आठशेव्या भागाइतकी बारीक असते.”

त्याने सांगितलेली कृती ऐकण्यासारखी आहे. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यातून वेगवान जड आयन आरपार सोडतात. प्रत्येक आयन आपला माग ठेवतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तो माग विरघळून तेथे सूक्ष्म छिद्र पडते. मग एका बाजूस सोन्याचा पातळ थर देऊन पापुद्रा मोरचुदाच्या द्रावणात ठेवतात आणि वीज सोडतात. रीत मुलामा देण्याचीच. मात्र तांबे पृष्ठावर न पसरता छिद्रात तळापासून भरत जाते. शेवटी प्लॅस्टिक विरघळवले की उभ्या तारांचे रान शिल्लक राहते.

या तारांचा उपयोग काय? क्ष-किरण नलिकेत इलेक्ट्रॉन हवे असतात. त्यासाठी टंगस्टनची तार सुमारे २००० अंशांपर्यंत तापवावी लागते. परंतु प्रखर विद्युतक्षेत्र असेल, तर थंड धातूतूनही इलेक्ट्रॉन निसटतात. ते भिंत ओलांडत नाहीत, तिच्यातून पार होतात. फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये याची उपपत्ती मांडली. एवढे क्षेत्र सपाट पत्र्यावर निर्माण करणे दुरापास्त; पण बारीक टोकाशी तेच क्षेत्र शेकडो पट एकवटते. म्हणून निर्वात पोकळीत ठेवलेली ही तार न तापवता इलेक्ट्रॉन देते. अशा थंड स्रोतामुळे क्ष-किरण यंत्र लहान होऊ शकते, रुग्णाच्या खाटेपाशी नेता येऊ शकते. पुणे विद्यापीठातही या विषयावर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे.

बंधूंनी व्यापाऱ्याचा प्रश्न केला, “मग तारा भरपूर लावा, माल भरपूर निघेल!” नातू हसला. खरी मेख येथेच आहे. तारा दाटीने उभ्या राहिल्या की त्या एकमेकींच्या टोकावरचे क्षेत्र अडवतात आणि समूह जणू सपाट पत्राच होतो. दोन तारांतील अंतर निदान त्यांच्या उंचीइतके असावे लागते. मी बँकेतल्या सवयीने कागदावर हिशेब मांडला. तारेची उंची १० मायक्रोमीटर धरली, तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे १० लाख तारा पुरेत. अंतर एक मायक्रोमीटरवर आणले, तर १० कोटी मावतील. पण त्या दहा कोटींपेक्षा हे दहा लाख सरस ठरू शकतात. शिवाय एखादी तार इतरांहून उंच राहिली, तर बराचसा भार तिच्यावरच पडतो आणि ती तापून वितळते. उंची सारखी आणि अंतर पुरेसे, हे साधणे हेच या मुलाचे काम.

बंधू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपल्या गल्लीत भांड्यांची तीन दुकाने होती तेव्हा तिन्ही चालत. अकरा झाली आणि कोणाचेच धड चालेना.” थोडे थांबून त्यांनी नातवाला विचारले, “तुझ्या त्या तारा एकदा दाखवशील का?”

दुकानाचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.