मदत मागायला लाजू नका, पण आधी हिशोब करा

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत 'लवकर' अर्ज करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास संपते आणि निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो. लवकर अर्ज केला की प्रवेश सोपा होतो, असे ऐकून अनेक जण घाई करतात. घरची ऐपत फी भरण्याची नसेल, तर आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, अर्जाचा प्रकार. 'अर्ली डिसिजन' म्हणजे बांधिलकी. निवड झाली तर तिथेच जायचे, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत खरोखरच अपुरी पडली तर नकार देता येतो, पण इतर विद्यापीठांच्या मदतीशी तुलना करण्याची संधी जाते. 'अर्ली ॲक्शन'मध्ये ही बांधिलकी नसते.

दुसरी, विद्यापीठाचे धोरण. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ ही प्रवेश ठरवताना परदेशी विद्यार्थ्याचीही आर्थिक स्थिती पाहत नाहीत आणि गरज पूर्ण भागवतात. बहुतेक विद्यापीठे मात्र ती पाहतात. म्हणूनच "मदत मागू नकोस, आधी आत शिर" असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. अनेक ठिकाणी अर्जात न मागितलेली मदत पुढे मागताच येत नाही. मग प्रवेशपत्र नुसते कपाटात राहते.

म्हणून सप्टेंबरमध्येच अम्मी-अब्बांसोबत बसा. उत्पन्नाचे दाखले, आयकर विवरणपत्र, कर्जाचे हप्ते समोर ठेवा. वर्षाला किती देऊ शकतो, तो खरा आकडा लिहा. विद्यापीठांची यादी त्यानंतर करा. गरज सांगण्यात कमीपणा नाही. ती लपवण्यात नुकसान आहे.