कुलपात ठेवले म्हणजे जपले असे नव्हे

प्रति,
कॉपीराइट ऑफिस, लायब्ररी ऑफ काँग्रेस, वॉशिंग्टन



पत्रास कारण, ऑक्टोबर २०२४ मधला निर्णय. विक्रीतून गेलेले जुने व्हिडिओ गेम संशोधकांना इंटरनेटवरून दाखवता यावेत, अशी कॉपीराइट कायद्यातली सवलत ग्रंथालयांसाठी मागितली गेली होती. आपल्या शिफारशीवरून ती नाकारली गेली. त्यामुळे असा गेम अभ्यासायला आजही ग्रंथालयाच्या इमारतीतच जावे लागते. इतर सॉफ्टवेअरसाठी मात्र इमारतीची ही अट २०२१ मध्येच काढली गेली. जुना हिशेबाचा प्रोग्रॅम घरबसल्या तपासता येतो, गेम तेवढा नाही. हा भेद कोणत्याच कसोटीवर टिकत नाही, एवढेच मला मांडायचे आहे.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के पाहणीच्या वेळी विकत मिळत नव्हते. जतनाचे काम बाजार करील, ही आशा सिनेमाच्या बाबतीत एकदा फोल ठरली आहे. अमेरिकेतले सुमारे ७० टक्के मूक कथापट कायमचे हरवले, हे खुद्द लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालातच नमूद आहे. आमच्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पूर्ण प्रत उरलेली नाही. गेमची गत तर अधिक नाजूक, कारण कार्ट्रिज शाबूत असून भागत नाही. ‘डक हंट’ या गेममध्ये खेळण्यातल्या बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो टिपतो. हे गणित जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेले आहे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि नेम कितीही अचूक असला तरी बदक पडत नाही. ‘सॉनिक’ या गेममधल्या धबधब्याच्या उभ्या रेघा जुन्या टीव्हीवर एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक भासे, आता नुसत्या रेघाच दिसतात. हौशी मंडळी असे टीव्ही दुरुस्त करून चालते ठेवतात, त्यांवरचे चित्र बारकाईने न्याहाळून तसाच परिणाम साधणारे फिल्टर एम्युलेटरसाठी, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, लिहितात. ट्यूब दिवसेंदिवस मंद होत चालल्या आहेत, म्हणून अस्सल चित्राशी ताडून पाहण्याची संधी आताच आहे. या कष्टांचे फळ कायदा पाळणाऱ्या ग्रंथालयाला मात्र दूरच्या अभ्यासकापर्यंत पोचवता येत नाही.

अभ्यासाच्या नावाखाली लोक फुकट खेळतील आणि जुन्या गेमच्या नव्या आवृत्त्यांची विक्री बुडेल, हा आक्षेप पोकळ नाही. निन्टेन्डोने २०१६ मध्ये जुने गेम छोट्या यंत्रात घालून विकले, तेव्हा ते हातोहात खपले. पण सवलतीची मागणी विक्रीत नसलेल्या गेमपुरतीच होती. उद्या गेम पुन्हा विक्रीला आला, तर सवलत आपोआप संपवता येईल. शिवाय फुकट खेळणाऱ्याला बेकायदा प्रती आधीच मिळतात. सरळ वाट बंद केल्याने अडतो तो प्रामाणिक अभ्यासकच. आणि कादंबरी मौजेसाठीही वाचली जाते, म्हणून ग्रंथालयाने ती अभ्यासकाला नाकारावी असे कोणी म्हणत नाही.

सवलत मागणाऱ्यांनी सुचवलेले निर्बंध आपल्याला अपुरे वाटले असतील, तर पुरेसे कोणते ते सांगावे. ग्रंथालयाकडे जितक्या प्रती तितकेच वापरकर्ते, ठरावीक मुदत, आणि ग्रंथपालाने अभ्यासाचा हेतू तपासून दिलेली परवानगी, या तीन अटींपासून सुरुवात करता येईल. दर तीन वर्षांनी होणाऱ्या या सवलतींच्या पुढच्या फेरविचारात त्या लेखी मांडाव्यात, ही विनंती.

आपला,
एक मराठी लेखक