शेरेबुकाबाहेरची शाळा

आमच्या किनवट तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेची प्रत ठरविण्याच्या दोन रीती रूढ आहेत, आणि गंमत अशी की दोहोंपैकी एकीतही वर्गात दोन घटका स्वस्थ बसण्याचे काम पडत नाही. एक रीत दफ्तराची. पट, हजेरी, शौचालये, संरक्षक भिंत, बोलक्या भिंतींवरील चित्रे, चाचणीची टक्केवारी असे रकाने भरून घेऊन शाळेला एक श्रेणी बहाल करण्यात येते आणि ती दर्शनी भागावर तैलरंगात लिहिली जाते. दुसरी रीत पालकांची. पिवळ्या गाडीत बसून किनवटला जाणारे शेजारचे पोर गळ्यात टाय बांधून पाहुण्यांपुढे इंग्रजी कवन म्हणते आणि आपले पोर म्हणत नाही, एवढ्या निरीक्षणावरून जिल्हा परिषदेची शाळा बिघडली असा निवाडा पारावर होतो, आणि त्या निवाड्यावर अपील नसते. माझे म्हणणे असे की या दोन्ही रीती सदोष आहेत आणि त्यांचा दोष एकच आहे: मूल शाळेत आले तेव्हा ते कोठे उभे होते, हे दोहोंपैकी एकही रीत विचारीत नाही.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडावयाचा आणि मग त्याला लोळविल्याचा आनंद मानावयाचा, ही वादाची हलकी तऱ्हा आहे. म्हणून मोजमाप करणाऱ्यांची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी सांगतो. शाळा जनतेच्या पैशावर चालते, गुरुजींचा पगार खजिन्यातून निघतो, आणि ज्या कामाचा झाडा घेणारे कोणी नाही ते काम कालांतराने कागदावरच उरते, हा अनुभव काही काल्पनिक नाही. तो आमच्याच जिल्ह्याचा आहे. २०११ साली नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांची पटपडताळणी केली आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली, कारण एकच मूल दोन शाळांच्या पटावर दाखविण्याची विद्या त्या काळी फार प्रगत झाली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात साऱ्या राज्यात तशीच पडताळणी झाली, आणि कागदावरच गणवेश घालणारी व कागदावरच खिचडी जेवणारी लाखो मुले नाहीशी झाली. ज्याला हे ठाऊक आहे त्याने 'मोजू नका' असे म्हणणे हा शुद्ध बेजबाबदारपणा ठरेल, आणि मी तसे म्हणतही नाही.

परंतु त्या शाईने काय सिद्ध झाले? मूल आहे, एवढेच. ते शिकते का, हा प्रश्न शाईच्या अधिकाराबाहेरचा होता, आणि गोंधळ नेमका येथे झाला. डोकी मोजण्यात मिळालेल्या यशामुळे, डोक्यात काय आहे तेही त्याच पद्धतीने मोजता येईल असा विश्वास दफ्तराला वाटू लागला. पुढील काही वर्षांत खेड्यापाड्यांतील शाळांनी आयएसओ मानांकने मिळविली. वस्तुतः हे मानांकन कार्यपद्धतीच्या नोंदी ठाकठीक असल्याचा दाखला आहे, आणि तो एखाद्या रंगाच्या कारखान्यालाही तितक्याच सन्मानाने मिळतो. मग 'शाळासिद्धी' आली. तिच्यात सात क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत, आणि आरंभ शाळेने स्वतःच स्वतःला गुण देऊन करावयाचा आहे. मानके खोटी आहेत असे कोण म्हणेल? पिण्याचे पाणी हवे, मुलींसाठी निराळे शौचालय हवे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका व्हाव्यात, यांबद्दल दुमत नाही. पण मांडवाचे खांब मोजून लग्न सुखाचे होईल की नाही ते कळत नाही.

यावर उत्तर तयार असते: खांबांचे सोडा, आम्ही आता मुलांचीच परीक्षा घेतो. २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचे 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. अशी चाचणी आमच्या डोंगरात पोहोचली म्हणजे काय होते, याचा एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे, तो सांगतो.

एका बंजारा तांड्यावरची दोनशिक्षकी शाळा. आषाढाचा पाऊस लागलेला, पत्र्यावर त्याचा एवढा आवाज की बोललेले ऐकू येऊ नये. बाहेरगावचे एक तपासनीस साहेब पहिलीच्या मुलांना चित्रांची कार्डे दाखवून नावे विचारीत होते. एका मुलीपुढे त्यांनी भाकरीचे चित्र धरले. मुलीने क्षणाचाही विलंब न लावता, जरा अभिमानानेच, 'बाटी' म्हणून सांगितले. साहेबांना ते 'वाटी' असे ऐकू आले. त्यांनी चित्र पुन्हा दाखविले, बोटाने भाकरीचा काठ दाखविला, आणि मुलीने पुन्हा तेच, यावेळी थोडे हळू, सांगितले. तेव्हा गुरुजी पुढे होऊन म्हणाले, "साहेब, गोरमाटीत भाकरीला बाटीच म्हणतात. ती बरोबर सांगते आहे." साहेब सज्जन होते, ते हसले, मान डोलावली, पण त्यांच्या तक्त्यात 'बरोबर' आणि 'चूक' असे दोनच रकाने होते आणि 'बरोबर'च्या रकान्याखाली छापलेला शब्द 'भाकरी' हा होता. खूण चुकीच्या रकान्यात पडली. तिसऱ्या चित्राला ती मुलगी काहीच बोलेना. चौथ्यालाही नाही. ते चित्र शेळीचे होते, आणि तिच्या घरी तीन शेळ्या होत्या.

आता या तक्त्याच्या आधारे शाळेला श्रेणी मिळाली असेल, तर ती कोणत्या गोष्टीची मानावी? त्या मुलीच्या घरात मराठी किती बोलली जाते, याचीच ती मोजणी झाली. नांदेड शहरातील एखाद्या वकिलाच्या मुलीने तेच चित्र पाहून 'भाकरी' म्हटले असते आणि तिच्या शाळेला गुण मिळाला असता. वास्तविक तो शब्द तिला शाळेने शिकविला नव्हता, आईने शिकविला होता. आईची कमाई शाळेच्या खात्यावर जमा करावयाची आणि दुसऱ्या शाळेच्या खात्यावर तिच्या मुलांच्या आयांची मातृभाषा नावे टाकावयाची, याला जमाखर्च म्हणत नाहीत. आणि किनवट हा काही एकभाषी मुलूख नव्हे. येथे गोंडी आहे, कोलामी आहे, गोरमाटी आहे, बाजारात तेलुगू आणि उर्दू आहे, आणि या साऱ्यांच्या वर सरकारी अंमलाची मराठी आहे.

परीक्षेच्या निकालावरून शाळेची किंमत करण्याची कल्पना नवी आहे असेही कोणी समजू नये. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या संहितेने वाचन, लेखन आणि गणित यांतील प्रत्येक मुलाच्या उत्तीर्णतेवर शाळेचे अनुदान बेतले, तेव्हा शाळांनी तपासनीस येण्यापूर्वी वाचनाचे पुस्तकच मुलांकडून तोंडपाठ करून घेतले. मॅथ्यू आर्नल्डसारखा विद्वान तपासनीस या पद्धतीविरुद्ध वर्षानुवर्षे आपल्या अहवालांतून लिहीत राहिला. तीच पद्धत मुंबई इलाख्यात आली, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले: जो समाज अशिक्षित आणि निर्धन आहे, ज्याच्यात विद्येची गोडी अजून उत्पन्न व्हावयाची आहे, त्याच्या गरजांना ही निकालाची पद्धत मुळीच मानवणारी नाही. एवढेच करून ते थांबले नाहीत. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच यावेत, म्हणजे ते त्या लोकांत मिसळून वागतील, असेही त्यांनी मागितले. जोतीरावांनी शाळेची परीक्षा मुलाच्या घराच्या बाजूने घेतली. आपण ती अजून कचेरीच्या बाजूने घेतो.

पालकांच्या रीतीविषयी थोडे कमी बोलतो, कारण पालकाची चूक ही बहुधा त्याच्या दुःखाची चूक असते. ज्याने स्वतः अंगठा उठविला आहे त्याला इंग्रजी शब्दाचा मोह व्हावा यात हसण्यासारखे काही नाही. हसू येते ते सरकारचे. आदिवासी विकास विभागाची एक योजना आहे. तिच्यात आदिवासी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत सरकारी खर्चाने पाठवितात, आणि त्या शाळांना सरकारी भाषेत 'नामांकित' असे विशेषण आहे. म्हणजे जे सरकार पाड्यावरच्या स्वतःच्या शाळेला मानकांची ४६ घरे भरायला लावते, तेच सरकार दुसऱ्या हाताने पालकाला सांगते की नाव असलेली शाळा दुसरीकडे आहे. एवढे ऐकल्यावर पारावरच्या निवाड्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला उरतो?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो सर्वांत जड आहे. कोणी म्हणेल, 'तुमच्या या सहानुभूतीत घात आहे. कोलामाच्या मुलाला सवलतीची फूटपट्टी लावलीत की ते मूल सातवीपर्यंत सवलतीतच जाईल, आणि गळ्यात गळा घालून रडणारे गुरुजी त्याला वाचायला कधीच शिकविणार नाहीत.' हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. तिसरी संपताना ज्या मुलाला साधा मराठी परिच्छेद अडखळत का होईना वाचता येत नाही, त्याची शाळा, तिच्या भिंतींवर कितीही मोर नाचत असोत, नापास आहे, आणि गोंड-कोलामांचे मूल आहे म्हणून त्या नापासीत तिळभर सूट मिळू नये. मात्र दोन मोजण्या हव्यात. पहिली, मूल आले त्या दिवसाची, त्याच्या स्वतःच्या भाषेत. दुसरी, वर्ष सरल्यावरची, मराठीत. या दोहोंमधील अंतर शाळेचे आहे. बाकीचे घराचे, गावाचे आणि दैवाचे. पायाभूत चाचणी हे नावच मुळी या विचारातून आले आहे. पण तिचा पाया मराठीत खणला, म्हणून ज्याचा पाया दुसऱ्या मातीत आहे त्याची जागा तिला रिकामीच दिसली.

हे अशक्य आहे असेही नाही, कारण आमच्या शेजारीच ते एकदा झाले आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात १९४० साली गोंडांचा बंडखोर पुढारी कोमरम भीम जोडेघाटला मारला गेला, आणि गोंडांचे म्हणणे काय आहे ते समजून घेण्याची उपरती निजाम सरकारला झाली. त्यासाठी नेमलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने १९४३ साली मारलवाई येथे गोंड तरुणांसाठी शिक्षक-प्रशिक्षण केंद्र काढले. तेथे वाचनाची पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत होती. मूल आधी आपल्या भाषेत वाचायला शिकले, आणि मग बाहेरच्या भाषेकडे गेले. निजामाच्या राज्यात जे सुचले ते स्वराज्यात न सुचावे, हे कटू आहे. विशेषतः ज्या १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट आदिलाबादेतून निघून नांदेडला जोडले गेले, त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम घातले, आणि भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले. कलम आणि तालुका एकाच दिवशी नव्या घरी आले. त्यांची गाठ मात्र अजून पडावयाची आहे.

आणखी एक बाब तपासणीच्या तारखेची. तांड्यावरची ती मुलगी दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला जाते, कारण मुकादमाची उचल आषाढातच घेऊन झालेली असते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघे गेल्यावर घरी कोण राहणार? हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जेथे गुरुजींनी दारोदार फिरून आज्या-आजोबांची समजूत घातली तेथे ती चालते, बाकी ठिकाणी ती आदेशातच वसते. म्हणून मला कोणी शाळेची परीक्षा घ्यायला पाठविले तर मी ऑगस्टात जाणार नाही. मी जानेवारीत जाईन, वर्गात उरलेली मुले मोजीन, आणि गेलेली मुले परत आल्यावर त्यांना कोणत्या ओळीपासून सुरुवात करून देणार आहात, एवढाच प्रश्न गुरुजींना विचारीन. अर्थात त्याआधी दुसऱ्या शिक्षकाची जागा गेल्या किती महिन्यांपासून रिकामी आहे आणि उरलेल्या गुरुजींचे किती दिवस निवडणुकीच्या याद्यांत गेले, हेही मला सरकारला विचारावे लागेल; शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात ती मुभा सरकारने स्वतःसाठी राखून ठेवली आहे.

त्याच तांड्यावर मी पौषात पुन्हा गेलो होतो. शेरेबुकात साहेबांचा शेरा होता: 'चित्रवाचन असमाधानकारक. सुधारणा करावी.' गुरुजींनी ते मिटून ठेवले आणि टेबलाच्या खणातून एक शंभर पानी वही काढली, जी तपासणीत कोणी मागत नाही. तिच्यात प्रत्येक मुलाला एक पान होते. भाकरीच्या मुलीचे पान मी वाचले. '९ जुलै: बाटी म्हणाली. १४ जुलै: काही बोलत नाही. २ ऑगस्ट: याडी (आई) या शब्दाचे या आणि डी ओळखले. २१ ऑगस्ट: बाटी, भाकरी, दोन्ही म्हणाली. २९ सप्टेंबर: शेळीची गोष्ट सांगितली, अर्धी मराठीत. १२ नोव्हेंबर: तोडीला गेली.' त्याखालचे उरलेले पान कोरे होते, आणि समासात पेन्सिलीने 'शेळी' हा शब्द लिहिलेला होता.