एकाकीपणाचा जमाखर्च

मराठी साहित्यातील एकाकी माणसाविषयी चर्चा सुरू झाली, की ती थोड्याच वेळात अस्तित्ववादापाशी येऊन पोहोचते. काम्यू आणि काफ्का यांची नावे घेतली जातात, महायुद्धोत्तर मूल्यऱ्हासाचा उल्लेख होतो आणि एकाकीपणा ही मानवी मनाची चिरंतन अवस्था असल्याचा निर्वाळा देऊन परिसंवाद संपतो. या विवेचनात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु ज्या कलाकृतींच्या आधारे हे सारे बोलले जाते, त्यांच्या पानापानांत पैशाचा, जमिनीचा आणि घराच्या वाटणीचा हिशेब मांडलेला असतो. समीक्षक नेमका तेवढाच वगळतात. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने साहित्याच्या प्रांतात लुडबूड करू नये हा आक्षेप मला मान्य आहे. पण नवकथेचे एक अध्वर्यू गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचेच प्राध्यापक होते, एवढा आधार मी घेतो.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. पांडुरंग सांगवीकराचे तुटलेपण तेव्हापासून अभ्यासकांचा आवडता विषय होऊन बसले आहे. खानदेशातील खेड्यातून पुण्याला आलेला हा मुलगा वसतिगृहात राहतो, मेसचा कारभार अंगावर घेतो, त्यात गोत्यात येतो आणि वडिलांचा पैसा उधळल्याची बोच घेऊन अखेर गावी परततो. शेतीच्या उत्पन्नातून मुलाला शहरात शिकावयास धाडणे ज्या घरांना नुकतेच परवडू लागले होते, त्या घरांतील पिढीचा हा अनुभव आहे. त्याचे एकटेपण खोटे नव्हे. मात्र ते वडिलांच्या पैशावर उभे आहे आणि हे पांडुरंगाला त्याच्या भाष्यकारांपेक्षा अधिक स्पष्ट ठाऊक आहे.

त्याच सुमारास मुंबईच्या गिरणगावात निराळेच एकाकीपण नांदत होते. १९६१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सातशे स्त्रियादेखील नव्हत्या. बायकामुले कोकणात किंवा घाटावर. आपण गाववाल्यांच्या सामाईक खोलीत, पाळीप्रमाणे अंथरूण पसरावयाचे आणि खानावळीत जेवावयाचे. या माणसाला एकांत कधी लाभला नाही, एकाकीपणा मात्र आयुष्यभर पुरला. अण्णा भाऊ साठे यांनी ‘माझी मैना’ या छक्कडीत गावी राहिलेल्या पत्नीचा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशी नेऊन जोडला. आपण त्यातील चळवळ तेवढी लक्षात ठेवली; एकाकीपणावरील व्याख्यानांत या छक्कडीचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे.

या दृष्टीने महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक मला फार महत्त्वाचे वाटते. १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा माणसांनी भरलेला आहे आणि त्यातील प्रत्येक माणूस एकटा आहे. तात्याजी नुकतेच वारले आहेत. थोरला भास्कर दिवसकार्याच्या खर्चाच्या विवंचनेत आहे, मुंबईहून आलेला सुधीर आपली ओढगस्त धड लपवू शकत नाही आणि सांगूही शकत नाही, दारात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. उत्पन्न आटले, पण खानदानाचा बडेजाव शिल्लक राहिला, अशा घरात दुःख बोलून दाखविण्याची सोय उरत नाही. कारण बोलणे सुरू झाले की ते वाटणीपाशी जाऊन थडकते. नाटकाचे मर्म मला येथे दिसते. चंदू घरातील सारे कष्ट मुकाट्याने उपसतो. त्याला संसार नाही, वेतन नाही. (आमच्या शास्त्रातही अशा घरकामाची राष्ट्रीय उत्पन्नात गणना होत नाही, तेव्हा भास्करला दोष देताना जरा जपूनच बोलावे लागते.) शिक्षणासाठी गावाबाहेर जाऊ न दिलेली प्रभा आहे. पुन्हा पुन्हा वेळ विचारणारी आजी आहे. या तिघांचे एकाकीपण कोणत्याही तत्त्वज्ञानातून उद्भवलेले नाही. घराची मिळकत उतरू लागल्यावर तिच्यावर कोणाचा शब्द चालतो आणि कोणाचा चालत नाही, यातून ते घडले आहे. ज्यांना वाडा सोडून जाता येते ते निघून जातात. उरलेल्यांना तो राखावा लागतो.

जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांना हा निकष लावू गेल्यास तो मोडतो, हे मी कबूल करतो. नियतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या एकटेपणाला सातबारा लागत नाही. पण सर्वच एकाकी माणसे जीएंच्या कथांतील नसतात.

आजही बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्यामुळे घरातील दोन्ही कर्ती माणसे एकदमच बाहेर पडतात. हंगाम संपेपर्यंत वस्तीवर उरतात ती म्हातारी माणसे आणि जमल्यास त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडे. या जीवनावर मराठीत लिहिले गेले नाही असे नाही. पण ते लेखन ग्रामीण साहित्याच्या नाही तर श्रमिकांच्या साहित्याच्या कप्प्यात जाते. एकाकीपणावरील परिसंवादाचे बोलावणे कुलूप घातलेल्या दारांच्या त्या वस्तीपर्यंत अजून गेलेले नाही.