टाकी मालकाची, ताप भाडेकरूला!



माणच्या दुष्काळी मुलखात पाणी साठवल्याशिवाय संसार चालत नाही. दारात बॅरल, मोरीत पिंप, गच्चीवर टाकी. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यावर येते. ती पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून भागत नाही, कडा खसाखसा घासावी लागते.

गच्चीवरच्या टाकीची कडा कोणी घासायची? गच्चीला कुलूप, किल्ली मालकाकडे. फुटक्या झाकणाचं विचारलं की उत्तर ठरलेलं : "डास काय मी सोडले? नगरपालिकेला सांगा, धूर मारतील." धुराने मरतात ते त्या घटकेला उडणारे डास. टाकीतल्या अळ्यांना त्याचा चटकाही बसत नाही.

टाकीचं झाकण, संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी, भिंतीतली उंदरांची बिळं, चौकटीची वाळवी हे इमारतीचं काम, म्हणजे मालकाचं. घरातलं पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा घासून कोरडा करणं आमचं. त्यात कसूर झाली तर खुशाल बोला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. पण मेख अशी, की करारात उलट लिहिलेलं असेल तर हे बंधन उरत नाही. 'सर्व दुरुस्ती भाडेकरूकडे' ही ओळ सहीआधी खोडायला लावा.

आणि मालकांनो, हात जोडून सांगतो. किडीसाठी ज्वारीच्या पोत्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकून ती पोती राहत्या घरात ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसं दगावतात. त्याला उतारा नाही.

आमची मागणी एवढीच : येत्या रविवारी प्रत्येक मालकाने भाडेकरूला सोबत घेऊन गच्चीवर जावं, टाकी घासावी, घट्ट झाकण बसवावं आणि गच्चीची एक किल्ली भाडेकरूकडे द्यावी.

— म्हसवडमधील भाडेकरू