सद्हेतूचे कवच कोणाला?

२०१८च्या महापुरात केरळमधल्या स्वयंसेवकांनी अडकलेल्यांचे पत्ते, फोन नंबर जमवून बचाव पथकांना पुरवले. त्यातला एखादा संदेश चुकीचा निघून घबराट उडाली तर? आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ५४ वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड सांगते. खोटेपणा ठाऊक असण्याची अट मदतीच्या खोट्या दाव्यांबद्दलच्या कलम ५२मध्ये आहे, इथे नाही. सद्हेतूचे संरक्षण देणारे कलम ७३ मात्र सरकार, अधिकारी आणि त्यांच्या वतीने काम करणाऱ्यांपुरते. आपणहून धावलेला स्वयंसेवक उघड्यावरच! ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच बजावावे लागले, की करोनाच्या साथीत ऑक्सिजनसाठी समाजमाध्यमांवर हाक देणाऱ्यांवर कारवाई नको. दर आपत्तीत न्यायालयाची वाट पाहायची का? कलम ५४मध्ये हेतूची अट घालावी. त्या बदल्यात, लोकांच्या खासगीपणासाठी, जमवलेले नंबर पूर ओसरल्यावर पुसण्याची जबाबदारी मात्र स्वयंसेवकांनीही पत्करावी.