विश्लेषण : महायुद्ध संपून ८० वर्षे झाली, तरी मंगरूळपीरच्या तुरीवर युद्धकाळातील ‘कंट्रोल’ कसे?

तुरीचे भाव चढू लागले की दिल्लीतून साठा मर्यादेचा आदेश निघतो. २१ जून २०२४ रोजी असाच आदेश निघाला. घाऊक व्यापाऱ्याला तूर आणि हरभऱ्याचा प्रत्येकी २०० टन, तर किरकोळ दुकानदाराला पाच टनच साठा ठेवता येईल, असे त्यात होते. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती. आदेश व्यापाऱ्यांसाठी होता, शेतकऱ्याच्या घरातील पोत्यांना तो लागू नव्हता. पण गोदाम भरलेला व्यापारी लिलावात बोली वाढवत नाही. त्यामुळे मर्यादा व्यापाऱ्यावर असली, तरी तिचा परिणाम मंगरूळपीरसारख्या बाजार समितीत माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो.

हा अधिकार सरकारला जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ देतो. त्या कायद्याचे मूळ मात्र दुसऱ्या महायुद्धात आहे.

युद्धात भारताची भूमिका काय होती?

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. भारतीय नेत्यांना विचारले नव्हते. याच्या निषेधार्थ प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील रविशंकर शुक्ल यांचे सरकारही त्यात होते. मंगरूळपीर तालुका तेव्हा याच प्रांतातील अकोला जिल्ह्यात होता. (जुना वाशीम जिल्हा १९०५ मध्येच मोडला होता. तो पुन्हा झाला १ जुलै १९९८ रोजी.)

युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य सुमारे २५ लाखांवर गेले. सक्तीची भरती न करता उभे राहिलेले हे जगातील सर्वांत मोठे सैन्य मानले जाते. सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. इटलीतील लढायांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर.

सैनिकांची ही बाजू शाळेच्या पुस्तकात थोडीफार सापडते. पैशाची बाजू क्वचितच येते, आणि वऱ्हाडातल्या घरांना जास्त झळ तिचीच बसली.

पैसा कुणाचा, महागाई कुणाची?

भारताबाहेरील लढाईचा खर्च ब्रिटनने करावा, असे १९३९ मध्येच ठरले होते. कागदावर ही व्यवस्था न्याय्य दिसते. प्रत्यक्षात ब्रिटन पैसे लंडनच्या खात्यात स्टर्लिंगमध्ये जमा करत राहिला. त्याच्या बदल्यात भारतात नोटा छापून सैन्यासाठी धान्य, कापड, लाकूड, चामडे विकत घेतले गेले. युद्ध संपेपर्यंत लंडनमध्ये भारताचे सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे तेव्हाचे १,७०० कोटींहून अधिक रुपये जमले. देश कागदोपत्री सावकार झाला. इकडे चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या आणि बाजारातून माल मात्र सैन्याकडे गेला.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. वऱ्हाडाला वेगळाच फटका होता. इथल्या आखूड धाग्याच्या कापसाचा मोठा गिऱ्हाईक जपान होता आणि तोच शत्रू झाला. सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम काढली आणि आखूड धाग्याच्या कापसाऐवजी धान्य घ्या, असा आग्रह सुरू झाला.

‘कंट्रोल’ कसे आले?

भारत संरक्षण कायदा, १९३९ खालील नियमांनी सरकारला कोणत्याही वस्तूचे उत्पादन, वाहतूक, साठा आणि भाव यांवर नियंत्रणाचा अधिकार दिला. २ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी कापसाचे वायदे बंद झाले, कापडावर नियंत्रण आले. जुन्या पिढीच्या बोलण्यात रेशन दुकानाला ‘कंट्रोलचे दुकान’ म्हणतात, ते याच काळापासून.

वऱ्हाडासाठी हा बदल लहान नव्हता. मंगरूळपीरला लागून असलेल्या कारंज्यात १८८६ पासून नियंत्रित बाजार होता. १८९७ मध्ये वऱ्हाडाला कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदाही मिळाला. पण त्या व्यवस्थेत सरकार पाहायचे ते वजनमाप, दलाली आणि सौद्याची शिस्त. भाव किती चढावा आणि माल कुणी किती ठेवावा, हे सरकारने ठरवणे युद्धाने आणले.

तात्पुरता कायदा कायमचा कसा झाला?

युद्धकाळात देशाचे घड्याळही एक तास पुढे केले होते. ते ऑक्टोबर १९४५ मध्ये मागे आले. कायदा मागे आला नाही.

भारत संरक्षण कायद्याची मुदत १९४६ मध्ये संपली, तेव्हा त्यातील पुरवठ्याचे अधिकार नव्या कायद्यात उचलले गेले. त्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ हे शब्द होते. पुढे मुदतवाढ मिळत गेली. मध्यंतरी महात्मा गांधींच्या आग्रहामुळे डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणे उठवायला सुरुवात झाली होती, पण भाव भडकले आणि सप्टेंबर १९४८ मध्ये ती परत आणावी लागली. १९५४ मध्ये तिसरी घटनादुरुस्ती करून केंद्राच्या अधिकाराला पक्का आधार दिला गेला आणि १ एप्रिल १९५५ पासून सध्याचा कायदा लागू झाला.

मग नियंत्रण चुकीचेच होते का?

तसे म्हणता येत नाही. १९४३ च्या बंगाल दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. मुंबईत वेळीच रेशनिंग झाले, बंगालमध्ये झाले नाही. आज अन्नसुरक्षा कायद्याखाली देशातील सुमारे ८१ कोटी लोकांना मोफत धान्य मिळते, त्या यंत्रणेचा पाया युद्धातील रेशनिंगच आहे. वाशीमसह राज्यातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही सवलतीचे धान्य मिळत होते. २०२३ मध्ये त्याऐवजी दरमहा माणशी १५० रुपये खात्यात देण्याचा निर्णय झाला.

शेतकऱ्याला या कायद्याचा फायदाही होतो. कृषी केंद्राचा खत परवाना, बियाण्यांची विक्री, बीटी कापूस बियाण्यांच्या पाकिटाची कमाल किंमत हे सगळे याच कायद्याखालील आदेशांतून येते. लिंकिंग करणाऱ्या खत दुकानदारावर कारवाई होते, तीही याच आधारे.

ऊस आणि तूर यांत फरक का?

आक्षेपाची खरी जागा इथे आहे. हा कायदा भाव ‘नियंत्रित’ करण्याचा अधिकार देतो. भाव फक्त दाबावा, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. उसाची एफआरपी याच कायद्याखालील १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातून ठरते. कारखान्याने ती १४ दिवसांत दिली नाही, तर १५ टक्के व्याज लागते. म्हणजे ऊस उत्पादकाला हाच कायदा किमान भावाची कायदेशीर हमी देतो.

सोयाबीन आणि तुरीला अशी हमी नाही. त्यांचा हमीभाव हे सरकारचे खरेदीचे धोरण आहे. बाजार समितीत त्याहून कमी भावाने सौदा झाला, तर या केंद्रीय कायद्याखाली शेतकऱ्याला फरक वसूल करता येत नाही. वरच्या बाजूला मात्र साठा मर्यादा आहेच. कोरडवाहू वऱ्हाडाच्या वाट्याला या कायद्याची छप्पराची बाजू आली, जमिनीची आली नाही. उसाला संघटित कारखानदारी आणि राजकीय वजन होते, हे त्यामागचे एक कारण नाकारता येणार नाही.

कायदा बदलण्याचा प्रयत्न झाला नाही का?

झाला. २०२० च्या दुरुस्तीने कडधान्य, तेलबिया, कांदा-बटाटा यांवरील साठा मर्यादेला अट घातली. टिकाऊ शेतमालाचा किरकोळ भाव ५० टक्के, तर फळे-भाज्यांचा १०० टक्के वाढला, तरच मर्यादा लावता येणार होती. ही दुरुस्ती इतर दोन कृषी कायद्यांबरोबर आली आणि त्यांच्याबरोबरच गेली. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिन्हींच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली, नोव्हेंबरअखेर संसदेने ते मागे घेतले. त्या आंदोलनात बाजार समिती आणि हमीभावावर भरपूर चर्चा झाली, साठा मर्यादेवर फारशी नाही.

पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीन, हरभरा यांच्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवण्यात आले. सुरुवातीला एका वर्षासाठी असलेली ही बंदी नंतर वारंवार वाढवली गेली. त्याच आठवड्यात सोयापेंडीवरही जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली साठा मर्यादा लागली.